पोलादी नळीची जुनी रायफल दुर्बीण: नाव पुसलं असेल तर काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीजवळच्या एका जुन्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत काळ्या रंगाची, हाताला जड लागणारी, साधारण २८ सेंमी लांबीची दुर्बीण सापडली आहे. वर एकच फिरकी आहे, खाली दोन पोलादी पाय. अक्षरं झिजली आहेत, ‘...सोल्ट’ आणि ‘वेट्झ...’ एवढंच लागतं. आतून पाहिलं तर खालून वर येणारा टोकदार खांब आणि दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या दिसतात, चित्र मात्र धुरकट आहे. ही कुठली, अस्सल आहे का, पॉलिश कशी करावी, छऱ्याच्या बंदुकीवर बसेल का, किंमत काय येईल?

आधी उत्तराचा गाभा. वर्णन बरोबर असेल तर ही जर्मनीतल्या वेट्झलारच्या हेन्सोल्ट कंपनीची शिकारी रायफल दुर्बीण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. पॉलिश अजिबात करू नका, आणि छऱ्याच्या बंदुकीवर चढवू नका. आता हे कसं पडताळायचं ते पाहू. बहुतेक लोक नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. नाव झिजतं, खोटंही कोरता येतं. नळीचा व्यास, फिरक्यांची संख्या आणि पायांची घडण एवढी सहज बदलता येत नाही. म्हणून नाव सगळ्यात शेवटी.

गोव्यात एक गोष्ट त्याहीआधी तपासावी लागते: ती रायफलचीच आहे ना? डिचोली, सांगे, कुडचडे भागात खाणींची मोजणी वर्षानुवर्षं चालली, मुरगावला बंदर. त्यामुळे थिओडोलाइट आणि डंपी लेव्हल या जमीन मोजणीच्या यंत्रांच्या आणि जहाजावरच्या सेक्स्टंटच्या सुट्या दुर्बिणी भंगारात भरपूर फिरतात आणि ‘शिकाऱ्याची दुर्बीण’ म्हणून विकल्या जातात. ओळखायला सोप्या आहेत. रायफल दुर्बिणीत डोळा मागच्या काचेपासून ७ ते ९ सेंमी दूर ठेवला तरच पूर्ण गोल चित्र मिळतं. धक्क्याने भुवई फुटू नये म्हणून ती सोय असते. मोजणीच्या दुर्बिणीला डोळा जवळजवळ टेकवावा लागतो. जुन्या मोजणी यंत्रांत चित्र बहुधा उलटं दिसतं, रायफल दुर्बिणीत ते नेहमी सुलटंच. शिवाय मोजणीच्या काचेवर उभ्या रेषेला छेदणाऱ्या तीन आडव्या बारीक रेषा असतात, मधली लांब आणि वर-खाली दोन आखूड. तुमच्या दुर्बिणीतला जाड खांब आणि पट्ट्या ही खूण मोजणीची नाहीच.

मग लोहचुंबक. तो नळीच्या मधल्या सपाट भागावर धरा. पायांजवळ धरू नका, कारण ॲल्युमिनियमच्या नळीवरही पोलादी कडी बसवलेली असू शकते. चुंबक घट्ट चिकटला तर पोलाद. फिरकीचा गाभा आणि आतली भिंगांची बैठक पितळेची असते, तिथे तो चिकटत नाही. त्यात काही गैर नाही. नावात ‘ड्युरल’ शब्द असेल तर नळी हलक्या मिश्रधातूची समजा. रंगावरूनही कळतं. पोलादावरचा निळसर काळा मुलामा झिजला की खाली पांढरट धातू दिसतो आणि आपल्या हवेत त्यावर तांबूस-तपकिरी छटा चढते. ॲल्युमिनियमचा काळा थर झिजला की फिकट राखाडी उरतं आणि ते लाल गंजत नाही.

व्यास मोजणं हे या सगळ्या ओळखपरेडीतलं सर्वांत उपयोगी काम आहे. फिरकी आणि मागच्या फुगीर भागाच्या मध्ये, कड्यांपासून दूर, तीन ठिकाणी व्हर्नियर कॅलिपर लावा. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती ताणून गुंडाळा, जिथे कड जुळते तिथे पेन्सिलने खूण करा आणि लांबी मोजा. परीघ साधारण ६० मिमी आला तर व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी. ७० आला तर सात अष्टमांश इंच, २२.२ मिमी. ८० च्या किंचित आत आला तर एक इंच, २५.४ मिमी. ८२ ते ८५ मिमी आला तर २६ ते २७ मिमीची युरोपीय नळी. ९४ आला तर ३० मिमी. इंच आणि २६ मिमी यांच्या परिघात जेमतेम २ मिमीचा फरक असतो, तेव्हा पट्टी सैल गुंडाळू नका आणि वरून रंग मारलेला असेल तर तेवढी सूट धरा.

१९ मिमीची पोलादी नळी म्हटलं की पहिला संशय अमेरिकन वीव्हरवर जातो. विल्यम वीव्हरने १९३० मध्ये स्वस्त ३३० मॉडेलने सुरुवात केली, १९३३ मध्ये कारखाना टेक्सासमधल्या एल पासोला नेला. ३३० ‘सी’ म्हणजे फिरकी टकटक आवाज करणारी, ‘एस’ म्हणजे बिनआवाजी. हीच ३३० सी अमेरिकन लष्करात एम७३बी१ या नावाने गेली. २२.२ मिमी असेल तर लायमन अलास्कन डोळ्यांसमोर आणा: अडीच पट मोठं दाखवणारी, समोरचं टोक न फुगलेलं, काचा बॉश अँड लॉम्बच्या. इंचाच्या पोलादी नळ्यांत वीव्हरची के मालिका सर्वांत जास्त भेटते. ती १९४७ पासूनची, आणि के४ म्हणजे चार पट, के६ म्हणजे सहा पट इतकं सरळ नाव. एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद पडला, म्हणून नावासोबत ‘जपान’ दिसलं तर ती त्यानंतरची. ब्रिटिश लष्कराची तीन पटीची नंबर ३२ देखील एक इंचाची, पण तिच्यावर बाणाची सरकारी खूण, मार्क क्रमांक आणि कारखान्याची आद्याक्षरं असतात, फिरक्याही मोठ्या आणि ठळक. ३० मिमीची, आखूड, साडेतीन पट आणि रशियन कारखान्याच्या खुणा असलेली दुर्बीण बहुधा पीयू, म्हणजे मोसिन रायफलवरची.

तुमची २६-२७ च्या गटात बसेल असं मला वाटतं, आणि एक फिरकी त्याला दुजोरा देते. जुन्या जर्मन-ऑस्ट्रियन शिकारी दुर्बिणींत वर-खालीची दुरुस्ती दुर्बिणीत असे आणि डावी-उजवीची मागच्या पायाच्या बैठकीत, बंदुकीवरच. वरच्या फिरकीवर १, २, ३ असे आकडे दिसले तर ते शेकड्यांतलं मीटरचं अंतर असतं आणि ते एकाच काडतुसासाठी आखलेलं असतं. दोन्ही फिरक्या दुर्बिणीवरच असतील तर अमेरिकन, ब्रिटिश लष्करी किंवा नंतरची युरोपीय. एकही नसेल तर दुर्बीण मोडलेली नाही. सगळी दुरुस्ती बैठकीतून करण्याची ती एक पद्धत होती.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. फिरकी फिरवल्यावर फुली (नेम धरायच्या छेदणाऱ्या रेषा) किंवा खांब मध्यापासून सरकलेला दिसला की विकत घेणारे लगेच ‘आतून तुटलंय’ म्हणतात. जुन्या रचनेत फिरकी फुलीच सरकवते, म्हणून ती मध्यात नसणं स्वाभाविक आहे. फुली कायम मध्यात राहणारी रचना नंतरची. तेव्हा मध्यात नसलेली फुली हा दोष नाही, उलट वयाचा पुरावा आहे. दोष कुठला? बारीक तार तुटून लोंबणं, किंवा फिरकी फिरवूनही काहीच न सरकणं.

आता ते दोन पाय. खाली आकड्यासारखे वळलेले दात असतील तर ही आकड्यांची जर्मन बैठक आहे. पुढचा पाय तिरका अडकवायचा, मागचा दाबून खटक्यात बसवायचा, आणि बैठकीची कडी नळीवर कथलाच्या डाखाने पक्की बसवलेली. जर्मन तीन नळ्यांच्या बंदुकांवर आणि चांगल्या माऊझर रायफलींवर हीच बैठक दिसते. ती प्रत्येक बंदुकीला हाताने घासून जुळवलेली असते, त्यामुळे दुसऱ्या बंदुकीवर बसणार नाही. पायांच्या तळाशी किंवा कडीवर बारीक आकडे कोरलेले आहेत का पाहा; अनेकदा ते बंदुकीच्या क्रमांकाचे शेवटचे अंक असतात. घरात कधीकाळी परवान्याची रायफल होती का आणि तिचा क्रमांक काय, हे जुन्या कागदांत शोधा. पोर्तुगीज काळातला शस्त्राचा ‘लिसेन्सा’ मिळाला तर तो दुर्बिणीसोबतच ठेवा. गोव्यातल्या खेड्यांत बहुतेक बंदुका ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या. त्यांना दुर्बीण लागत नाही. म्हणून अशी वस्तू भाटकाराच्या (जमीनदाराच्या), अधिकाऱ्याच्या किंवा खाणमालकाच्या घरातून येते. पन्नाशीच्या दशकात युरोपचा माल इथे सहज उतरत असे, १९६१ नंतर ती वाट आटली. पोलादी नळीचा बहराचा काळ आणि आपला तो काळ एकमेकांवर पडतात, इतकंच त्यातलं गुपित.

झिजलेली अक्षरं वाचायला काच-कागद, कोलगेट, चिंच, ब्रासो यांपैकी काहीही लावू नका. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बत्ती नळीला जवळजवळ समांतर धरा आणि नळी हळूहळू फिरवत फोटो काढा. नाहीतर पतंगाचा पातळ कागद घट्ट धरून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवा. कोरीव भाग पांढरा उमटतो. ‘हेन्सोल्ट वेट्झलार’ आणि त्याखाली ‘त्सील-डायालिट’ किंवा ‘डायालिटान’ उमटलं तर प्रश्न मिटला. मोरिट्झ हेन्सोल्टने ही कंपनी १८५२ मध्ये काढली आणि १९२८ मध्ये ती झाइस या जर्मन भिंग कंपनीच्या ताब्यात गेली, म्हणून पुढे दोघांच्या मालात साम्य दिसतं. झाइस येनाचं नाव भिंगाच्या आकाराच्या चौकटीत असतं आणि मॉडेलचं नावच ताकद सांगतं: त्सीलफिअर चार पट, त्सीलझेक्स सहा, त्सीलआख्ट आठ. व्हिएन्नाचे काहलेस (स्थापना १८९८) ‘हेलिया’ हे नाव वापरत. बर्लिनच्या आयाक कंपनीच्या दुर्बिणीवर ‘४×९०’ दिसलं की लोक ९० मिमीचं भिंग शोधत बसतात. ते ९० म्हणजे प्रकाशमानाचा आकडा: भिंगाचा व्यास भागिले पट, त्याचा वर्ग. ३८ भागिले ४ म्हणजे साडेनऊ, त्याचा वर्ग ९०. भिंग ३८ मिमीचं.

नावाऐवजी तीनच छोटी रोमन अक्षरं असतील तर ती दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सांकेतिक खूण: बीएमजे म्हणजे हेन्सोल्ट, बीएलसी म्हणजे झाइस येना, सीएडी म्हणजे काहलेस, डीडीएक्स म्हणजे फोइग्टलँडर. काळासाठी आणखी दोन धागे. ‘डी.आर.पी.’ हा जर्मन पेटंटचा शिक्का १९४५ पर्यंतचा, ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘डीडीआर’ १९४९ नंतरचं. दुसरा धागा काचेवरचा. खोलीतला दिवा समोरच्या काचेत पाहा. प्रतिबिंबं सगळी पांढरी असतील तर काचेवर चमक कमी करणारा लेप नाही, म्हणजे बहुधा युद्धापूर्वीची. फिकट निळी-जांभळी असतील तर एकपदरी लेप. झाइसमधल्या स्मकुला या संशोधकाने त्याचं पेटंट १९३५ मध्ये घेतलं, पण शिकारी दुर्बिणींवर तो युद्धानंतर रुळला. गडद हिरवी किंवा किरमिजी झाक दिसली तर काच बरीच नवी आहे. मग वरची जुनी अक्षरं संशयास्पद ठरतात.

ताकद किती पट, हे लिहिलेलं नसेल तरी मोजता येतं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडलेल्या आकाशाकडे रोखा, सूर्याकडे कधीही नाही. मागच्या काचेत एक उजळ गोल ठिपका तरंगताना दिसेल. मागे पातळ कागद धरून तो पुढे-मागे करा, ठिपका सर्वांत रेखीव दिसेल तिथे त्याचा व्यास मोजा. समोरच्या भिंगाचा उघडा व्यास भागिले ठिपक्याचा व्यास म्हणजे पट. भिंग ३२ आणि ठिपका ८ मिमी तर चार पट.

आता धुरकटपणा, कारण किंमत खरी इथे ठरते. जुन्या पोलादी दुर्बिणी आजच्यासारख्या हवाबंद नाहीत. ओल आत शिरू नये म्हणून नायट्रोजन भरण्याची पद्धत अमेरिकन ल्युपोल्ड कंपनीने १९४९ मध्ये आणली आणि युरोपात ती सावकाश पसरली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद ट्रंकेत हवा कुबट राहते, त्यात चामड्याची टोपणं असतील तर ओल तीच धरून ठेवतात. एका टोकाने तिरपी बत्ती मारा आणि दुसऱ्या टोकाने पाहा. चार वेगवेगळे दोष दिसू शकतात. कडेपासून आत शिरणारे केसासारखे फाटे फुटलेले धागे म्हणजे बुरशी. काचेच्या कडेला चंदेरी चंद्रकोर, इंद्रधनुषी तेलकट डाग किंवा हिमकणांसारखी नक्षी म्हणजे दोन भिंगं जोडणारा कॅनडा बाल्समचा डिंक सुटला आहे. सगळीकडे एकसारखं पांढरट पुट म्हणजे आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसली. पिवळसर झाक म्हणजे डिंक जुना झाला, पण अजून धरून आहे. ती तशीच राहू द्या.

पुट निघतं. बुरशी लवकर धरली तर निघते, उशीर झाला तर काच कोरली जाते आणि मग पर्याय राहत नाही. डिंक सुटलेली भिंगं वेगळी करून पुन्हा चिकटवता येतात, पण ते भिंगांचं काम रोज करणाऱ्याचं काम आहे. घड्याळजी किंवा कॅमेरा दुरुस्त करणारा हुशार असला तरी त्याने उघडावी असं मी सुचवणार नाही. पोलादी नळीच्या कड्या अनेकदा लाखेने किंवा डाखाने बंद असतात, पक्कड लावली की नळी पिचते. बाहेरच्या काचा तेवढ्या तुम्ही साफ करा: आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगांचा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून मध्यापासून कडेला एकदाच फिरवा. द्रव कडेला साचू देऊ नका, तो डिंकापर्यंत झिरपतो. लेप असलेल्या जुन्या काचा तर अजिबात घासू नका. तो लेप मऊ असतो.

गंजासाठी मशीनचं पातळ तेल कापडावर घ्या, नळीवर ओतू नका, आणि काचांच्या सांध्यापासून दोन बोटं दूर राहा. फवाऱ्याची गंजनिवारक तेलं सर्वांत वाईट: ती फटीतून आत पसरतात आणि काचेवर पडदा धरतात. तेल एक दिवस मुरू द्या, मग जाड सुती कापडाने पुसा. फोड आलेला गंज तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने अलगद खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे मुलाम्यावर ओरखडा पडत नाही. बंदूक दुरुस्त करणारा ‘पुन्हा नवी काळी करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. उकळत्या क्षारात बुडवून केलेलं ब्ल्यूइंग कथलाचा डाख खातं, पाय सुटतात आणि क्षार सांध्यात अडकून आतून गंज चढवतात.

ठेवायला पाचेक लिटरचा हवाबंद डबा, त्यात १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. जेल हिरवट पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत टाका. चामड्याची टोपणं त्याच डब्यात नकोत, वेगळी ठेवा. फेकू मात्र नका, मूळ टोपणांनाही मागणी असते.

छऱ्याची बंदूक: स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे बसतो. जुनी दुर्बीण फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेली, पुढच्या झटक्याने आतली बैठक ढिली होते, कधी तारही तुटते. त्यात या दुर्बिणी साधारण १०० मीटरला जुळवलेल्या असतात, दहा मीटरवरचा कागद धूसरच दिसणार. बाजारात मिळणारी कडी इंचाची किंवा ३० मिमीची. २६ च्या नळीवर इंचाची कडी आवळली की कायमचा खळगा पडतो.

बनावटीबद्दल. युद्धकाळातल्या खुणांना भाव असल्याने साध्या शिकारी दुर्बिणीवर त्या नंतर कोरल्या जातात. अस्सल कोरीव अक्षरांवर मुलामा अक्षराच्या आतही असतो आणि झीज अक्षर व नळी दोघांवर सारखी. नळी गुळगुळीत झिजलेली आणि अक्षरांच्या कडा धारदार असतील तर ती नंतरची. रबरी ओ-रिंग, क्रॉस किंवा षटकोनी खाचेचे स्क्रू, हिरवी झाक मारणारी काच यांपैकी काहीही युद्धापूर्वीच्या दुर्बिणीत असू नये. सरळ खाचेचे स्क्रू असतील आणि खाचा ओरबाडलेल्या नसतील तर ती फारशी उघडलेली नाही, आणि हा खरेदीदाराला सांगण्यासारखा मुद्दा आहे.

किमतीचा आकडा फोटो न पाहता देणं बरोबर नाही, पण उतरंड सांगतो. बंदुकीशी जुळणाऱ्या क्रमांकाची, स्वच्छ काचेची, मूळ पायांसह असलेली दुर्बीण सर्वांत वर. काच चांगली पण पाय कापलेले, ती मध्यम. डिंक सुटलेली किंवा बुरशीने कोरलेली असेल तर मुख्यतः पायांसाठी आणि सुट्या भागांसाठी घेतली जाते. पुन्हा काळी केलेली सर्वांत खाली, चकाकत असली तरी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी ‘जर्मन आहे’ एवढ्यावर भाव सांगितला तर आधी चुंबक आणि पट्टी काढा.

विकण्याआधी एवढं करा. घरातली रायफल अजून परवान्यावर असेल तर दुर्बीण वेगळी काढण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत लेखी विचारा. डिचोलीसाठी ती पणजीला आहे. बाणाची किंवा लष्करी खूण असेल तर ती कुठून आली याचा कागद हवाच. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी खरेदीदाराशी बोलणी करण्यापूर्वी काळ नक्की करून घ्या. फोटो पाठवताना सहा पुरेत: दोन्ही बाजू, पायांचा तळ, फिरकीचा माथा, अक्षरांवर तिरपा उजेड, आणि समोरच्या काचेतून आरपार बत्ती. सोबत व्यास मिमीमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत.